विळीचा तह

आमच्या घरी संध्याकाळी किती कोबी चिरला जाणार, हे जेवायला माणसं किती यावर ठरत नसे. माणसं तर आम्ही तीनच होतो. ते ठरायचं बाबांची गाडी दारात येऊन कशी थांबली यावर. इंजिन बंद झालं, दार उघडलं, पावलं वाजली, तर अर्धा कोबी. दार आपटलं तर अख्खा. आणि इंजिन बंद होऊनही दार उघडलंच नाही, म्हणजे बाबा आत स्टिअरिंगवर हात ठेवून नुसतेच बसून राहिलेत, तर आई कोबी संपवून गाजरं काढायची आणि गाजरं संपवून बटाटे. सिंकखालच्या कपाटातून विळी निघायची. रत्नागिरीहून साड्यांच्या घडीत गुंडाळून आणलेली, पातं मिटणारी, टोकाला नारळ खोवायचे दाते असलेली. जमिनीवर जुना पेपर अंथरून, पातं उभं करून आई बसली की आमच्या चिंचोळ्या स्वयंपाकघराची वाट बंद व्हायची. "विळीवर बसलेल्या बाईच्या अंगावर कोणी येत नाही," असं ती मला सांगायची. कुठल्या शास्त्रात लिहिलं होतं देव जाणे, पण बाबा खरंच येत नसत. ते दाराच्या चौकटीत उभे राहून ओरडायचे. हाताला लागेल ते फेकायचे, वाटी, तांब्या, टीव्हीचा रिमोट. वाटी फ्रिजवर आदळून गरगरत जमिनीवर स्थिर होईपर्यंतचा तो आवाज मला अजून पाठ आहे. आई मान खाली घालून चिरत राहायची. मग आठवडाभर आम्ही कोबीची भाजी, कोबीची थालिपीठं आणि कोबीची पचडी खायचो, आणि शाळेत माझ्या डब्याच्या वासावरून मुलं नाकं दाबायची.

विळी फक्त स्वयंपाकघरात चालायची. बाकी सगळीकडे बाबांचं राज्य होतं. जवळच्या टल्सा शहरातल्या गणपतीहून परत येताना एकदा आई आरतीला उभी असताना कुणाशी तरी हसून बोलली म्हणून बाबांनी फ्रीवेवर, एक हात स्टिअरिंगवर ठेवून, दुसऱ्या हाताच्या पालथ्या मुठीने तिच्या तोंडावर मारलं. गाडी लेनमधून सरकली, मागच्या ट्रकने लांबलचक हॉर्न दिला, बाबांनी गाडी सरळ केली आणि पुन्हा मारलं. मागच्या सीटवर माझ्या मांडीवर प्रसादाच्या मोदकांचा डबा होता. मी तो घट्ट धरून बसले होते. आईच्या ओठातून रक्त आलं ते तिने पदराने टिपलं आणि म्हणाली, "अहो, एक्झिट आला." मलाही पट्टा बसायचा, पण तो हिशोब निराळा आहे आणि तो मी बाबांच्या अखेरच्या आजारपणात त्यांच्यापाशी बोलून मिटवला आहे. आईचा मिटवणं माझ्या हातात नव्हतं.

बाबा जनावरांचे डॉक्टर. गावाकडे अडलेल्या गाईच्या पाठीवरून असा हात फिरवायचे की ती डोळे मिटायची, हे मी लहानपणी पाहिलेलं आहे, म्हणून सांगते. अमेरिकेत, आर्कान्सा राज्यात त्यांना कोंबड्यांच्या कारखान्यात क्वालिटी सुपरवायझरची नोकरी मिळाली आणि त्या नोकरीच्या दावणीला आम्ही तिघेही बांधले गेलो. बाबांचा व्हिसा कंपनीच्या हातात, आईचा आणि माझा बाबांच्या हातात. आईच्या व्हिसावर काम करायची परवानगी नव्हती. बीएस्सी झालेली बाई, दिवसभर घरात. बाबांची नोकरी गेली की सगळे परत, आणि बाबांवर पोलीस केस झाली की नोकरी गेली, हे आमच्याकडे रामरक्षेसारखं रोज घोकलं जायचं. टल्साच्या एका काकूंना आईने एकदा फोनवर धीर करून सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "सुमन, ग्रीन कार्ड येईपर्यंत काही बोलू नकोस बाई. झाकली मूठ." तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो असा असतो. तिकडे कारखान्यात गोरा मॅनेजर बाबांना चारचौघांत वाटेल ते बोलायचा, त्यांच्या उच्चारांची नक्कल करायचा, आणि बाबा वड्याचं तेल वांग्यावर काढायला घरी यायचे. हे मला तेव्हाही कळत होतं. कळल्यामुळे वाटी कमी जोरात लागत नाही.

आमचं घर जोडघर होतं. भिंतीपलीकडे हिल्डामावशी राहायची. तिला मावशी मीच म्हणायला लागले आणि तिला ते आवडलं. ती पॅसिफिक समुद्रातल्या मार्शल बेटांवरची. तिच्याकडे कधी सात माणसं असायची, कधी सतरा. गिटार, चर्चची गाणी, भाताच्या कुकरची वाफ, तान्ही बाळं. ती बाबांच्याच हाताखाली, कोंबड्यांची हाडं काढायच्या लाइनवर उभी असायची. दिवसभर थंड मांसात सुरी चालवून तिचे दंड मोसंबीसारखे गच्च झाले होते आणि बोटं सकाळी सरळ होत नसत. एकदा ती मीठ मागायला आली तेव्हा आई नारळ खोवत होती. हिल्डामावशी विळीकडे बघतच राहिली. मग आईला हाताने बाजूला सारून स्वतः पाटावर बसली आणि खराखरा, एकही करवंटीचा तुकडा न येऊ देता, अर्धा नारळ खोवून मोकळी झाली. "आमच्याकडे पण असंच बसून करतात," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्या दिवसापासून दोघींची गट्टी जमली. आई तिच्याकडे सोलकढी पाठवायची, ती नारळाच्या दुधातला भात पाठवायची. बाबा कारखान्यात असताना ती विळी भिंतीच्या या बाजूने त्या बाजूला जायची, यायची.

बाबांना या लोकांचा भयंकर राग होता. "यांचं बरंय! ना व्हिसा, ना अर्ज, ना वकील. विमानात बसले की आले. आणि आम्ही पदव्या घेऊन रांगेत." आईने हे एकदा हिल्डामावशीला विचारलं, आडून नाही, सरळच. आम्ही तिघी आमच्या स्वयंपाकघरात जमिनीवर बसलो होतो. हिल्डामावशी म्हणाली, तिचा देश वेगळा आहे, झेंडा वेगळा, अध्यक्ष वेगळा. पण त्यांच्या समुद्राची राखण अमेरिका करणार, तिथे दुसऱ्या कुणाचं सैन्य येऊ देणार नाही. त्याच्या बदल्यात अमेरिका पैसे देणार आणि या लोकांनी इथे येऊन राहायचं, कामं करायची. मत द्यायचं नाही. याला मुक्त साहचर्य असं म्हणतात. आईने बराच विचार केला आणि मला म्हणाली, "म्हणजे बघ, बाईने आपल्या घरी आपलं बिऱ्हाड करायचं, नवऱ्याकडून पोटगी घ्यायची, कुंकू मात्र त्याच्याच नावाचं. काडीमोड नाही, नांदणंही नाही." मी ते इंग्रजीत सांगितलं तेव्हा हिल्डामावशी इतकी हसली की पलीकडचं बाळ जागं झालं. मग हसणं थांबवून म्हणाली, "पण लग्न कसं झालं ते विचार. आधी त्यांनी आमच्या बेटांवर अणुबॉम्ब फोडून बघितले. माझी आई लहान होती. आकाशातून पांढरी राख पडली, मुलं त्यात खेळली. मग केस गळले, कातडी गेली. खूप वर्षांनी कागदावर सह्या झाल्या. आधी मार, मग कागद."

"मग तुम्ही त्यांना सोडलं का नाही?" आईने विचारलं.

"सोडून खाणार काय? आणि त्यांच्यात पूर्ण मिसळलो असतो तर आमचं काय राहिलं असतं?" हिल्डामावशीने खोबऱ्याचा चव बोटाने सारखा केला. "त्या कागदात माझ्या मते एकच ओळ कामाची आहे. आम्हाला कधीही उठून जाता येतं. ती ओळ नसती तर तो नुसता मार राहिला असता."

आईने उठून चहा टाकला.

आता माझी चूक. मी चौदा वर्षांची होते आणि शाळेत आम्हाला एक पत्रक वाटलं होतं, घरात मारहाण होत असेल तर काय करावं यावर. त्यात लिहिलं होतं की घरातल्या धारदार वस्तू नजरेआड ठेवा. मला ते अक्षर न् अक्षर पटलं. बाबा आदल्या आठवड्यात त्या पात्याकडे फार वेळ बघत उभे होते, आणि मला वाटलं, एक दिवस हे पातंच कुणाच्या तरी अंगात जाणार. शाळेतून आले, आई मागे दोरीवरचे कपडे काढत होती, तेवढ्यात मी विळी टॉवेलात गुंडाळली आणि हिल्डामावशीच्या घरी नेऊन ठेवली. "आईला सांगू नकोस," म्हटलं. ती कामावरून नुकतीच आली होती, बूटही काढले नव्हते. माझ्याकडे आणि विळीकडे पाहून म्हणाली, "आज नको. आज त्याला मॅनेजरने सगळ्या लाइनसमोर उभं करून माफी मागायला लावली. म्हणाला, तुझे कागद पुढे सरकवू की नको ते बघतो." मी ऐकलं नाही. पत्रकात छापलं होतं ना! मी अमेरिकन शाळेतली हुशार मुलगी होते.

गाडी आली. इंजिन बंद झालं. दार उघडलं नाही. आईने सिंकखालचं कपाट उघडलं, हात आत घातला, बादली सरकवली, पिशव्या काढल्या, मग गुडघ्यावर बसून डोकं आत घालून शोधायला लागली. "विळी कुठाय? अगं, विळी कुठाय?" मी भिंतीला टेकून उभी होते. पुढचं दार उघडलं तेव्हा आई अजून जमिनीवरच होती, हातात कोबी.

बाबांनी चौकटीत उभं राहून पाहिलं की आज वाट मोकळी आहे. ते मी त्यांच्या चेहऱ्यावर पाहिलं. दोन पावलांत ते आत आले. ओट्यावर कुकरचं झाकण होतं, ते त्यांनी उचललं आणि आईच्या कपाळावर घातलं. भुवईवर कातडं उकललं आणि रक्त डोळ्यात उतरलं. तिने हात वर केला तर तो हात धरून त्यांनी मागे पिळला, आणि ओली फांदी मोडल्यासारखा आवाज आला. आई ओरडली नाही. मी ओरडले. मी त्यांच्या पाठीवर बुक्के मारत होते, त्यांनी कोपराने मला फ्रिजवर फेकलं, माझा दात ओठात रुतला. ते इंग्रजीत ओरडत होते, आईला ते मॅनेजरचीच वाक्यं म्हणत होते, त्याच्याच उच्चारात. आणि लाथ मारत होते, कमरेत, पोटात, पुन्हा कमरेत. कोबी गडगडत मागच्या दारापाशी गेला.

ते दार हिल्डामावशीने उघडलं. तिच्या हातात विळी होती. बाबा वळायच्या आत तिने त्यांच्या आणि आईच्या मधोमध ती ठेवली, पातं उभं केलं, आणि पाटावर आपलं सगळं वजन टाकून बसली.

"गेट आउट!" बाबा ओरडले. "उद्यापासून कामावर येऊ नकोस!"

"नाही येणार. रस्त्यापलीकडे दुसरा कारखाना आहे," ती म्हणाली. "मला कागद लागत नाही. तुला लागतो."

बाबांनी तिचे केस धरले आणि ओढलं. तिने त्यांचं मनगट पकडलं. ती कोंबडीचा पाय सांध्यातून कसा सुटा करते हे आई आणि मी नुसतं ऐकलं होतं, पाहिलं नव्हतं. तिने ते मनगट पिळून खाली, खाली आणलं, बाबा गुडघ्यावर आले, आणि त्यांचा तळहात पात्याच्या धारेपासून बोटभर वर थांबला. त्यांनी हिसका दिला तशी अंगठ्याखाली धार लागली आणि रक्ताची रेघ पात्यावरून पाटावर आली. त्यांच्या कपाळावर घाम होता. "फोन आण," हिल्डामावशी मला म्हणाली. "पोलिसांना लाव. हा मला काही करू शकत नाही. मला इथून कोणी पाठवू शकत नाही."

मी भिंतीवरचा फोन उचलला. नऊ दाबलं. एक दाबलं. शेवटच्या एकवर बोट ठेवलं.

"थांब," आई म्हणाली.

मी आज नेपरव्हिल नावाच्या गावात एका दवाखान्यात नर्स आहे. सुजलेलं मनगट घेऊन आलेली बाई "पडले" म्हणाली की मी दार लावून घेते आणि तिला पुन्हा विचारते. ते बटण मी दाबायला हवं होतं, असं मला आजही वाटतं. त्यावरून मी आईशी वर्षानुवर्षं भांडले आहे. ती एवढंच म्हणते, "तू बटणाजवळ होतीस, मी जमिनीवर होते. जमिनीवरून वेगळं दिसतं."

"फोन हातात ठेव," आई म्हणाली. "आणि वही घे. अहो, मी सांगते ते ऐका. ऐकायचं नसेल तर ती बटण दाबेल." नाक दाबलं की तोंड उघडतं. बाबांनी मान हलवली. कपाळावरचं रक्त डाव्या हाताने पुसत आईने मजकूर सांगितला आणि मी तो माझ्या सायन्सच्या वहीत, बेडकाच्या आकृतीच्या मागच्या पानावर, मराठीत लिहिला. त्यांनी आजच घर सोडून कारखान्याजवळ खोली घ्यायची. घराचं भाडं, विमा, मुलीचं शिक्षण आणि ग्रीन कार्डाच्या अर्जावर तिघांची नावं ही त्यांची जबाबदारी. रोज दहा पोळ्या आणि भाजी आईकडून जाईल. रविवारी दुपारी यायचं तर दार वाजवून, उघडलं तर आत. स्वयंपाकघराच्या चौकटीच्या आत पाऊल नाही. हिल्डामावशीच्या नोकरीला हात लावायचा नाही. कागदोपत्री ती त्यांची बायकोच राहील. आणि शेवटी आई थांबली, श्वास घेतला, आणि म्हणाली, "लिही. सुमन हा करार कधीही मोडून जाऊ शकते. मोडायचा हक्क फक्त तिला." मी लिहिलं. बाबांनी डाव्या हाताने सही केली, कारण उजवा हिल्डामावशीने अजून सोडला नव्हता.

हे सगळं बेकायदा, अर्धवट, आणि धमकी देऊन लिहून घेतलेलं होतं. मला त्याची लाज वाटत नाही. बाबा गेले. दुसऱ्या दिवशी आईच्या हाताला प्लास्टर चढलं. ती नर्सला म्हणाली, पडले. पोळ्या मी लाटायला शिकले. रोज सकाळी डबा हिल्डामावशीबरोबर कारखान्यात जायचा, आणि ती तो बाबांच्या टेबलावर सगळ्यांदेखत ठेवायची. बाबांनी डबा कधी परत पाठवला नाही. रविवारी दार वाजायचं. आई विळी घेऊन बसायची, मग दार उघड म्हणायची, आणि ते चौकटीबाहेर खुर्ची टाकून चहा प्यायचे. तळहातावरचा व्रण ते कपाभोवती झाकायचे. पहिल्या वर्षी बोलणं झालं नाही. दुसऱ्या वर्षी हवापाण्याचं. घरात कोबी कमी झाला. मला तो मनुष्य कधी कधी केविलवाणा वाटायचा आणि त्याबद्दल मला स्वतःचाच संताप यायचा.

विळी कुणी नेली होती, हे आईने कधी विचारलं नाही. हिल्डामावशीने सांगितलं नसावं, कारण मी तिला तसं बजावलं होतं. मी दर रविवारी ठरवायची की आज सांगू. आईचं मनगट थंडीत दुखायचं, ती ते चोळत बसायची, आणि मी उठून दुसऱ्या खोलीत जायची. अशी पाच वर्षं गेली.

मी कॉलेजातून सुट्टीला आले होते तेव्हा ग्रीन कार्डं आली. बाबा रविवार नसताना आले. दार वाजवलं. तिन्ही पाकिटं त्यांनी चौकटीबाहेरूनच आईच्या हातात दिली. त्यांच्या केसांत तोवर पांढरं आलं होतं. ती कार्डं स्वतःकडे दाबून ठेवता आली असती, ती त्यांनी ठेवली नाहीत, हेही लिहायला हवं. आईने आपलं कार्ड उलटसुलट करून पाहिलं. फोटोत भुवईवरची खूण दिसत होती.

"आता सगळं मिटलं," बाबा म्हणाले. "आता कशाची भीती नाही. कुणाचीच. मी... सामान घेऊन येऊ का, सुमन?"

पाच वर्षांत त्यांनी तिला पहिल्यांदा नावाने हाक मारली होती. त्यांचे डोळे भरले होते आणि ते खोटे नव्हते. आईने कार्ड पदराखाली कंबरेला खोचलं. मला वाटलं, ही हो म्हणणार. बायका हो म्हणतात, मी पाहिलं आहे.

मग ती माझ्याकडे वळली.

"जा, विळी घेऊन ये," ती म्हणाली. "आणि या वेळी लपवू नकोस."